खाटेशेजारची जागा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. सुक्रे शहरातल्या एका दवाखान्यात, जिन्याखाली माझा मुक्काम असतो. माझ्यावर फरशी पुसायची बादली ठेवतात. बादली काही बोलत नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

मला घडवणाऱ्या सुताराने मुद्दामच बुटके ठेवले. "डॉक्टरचं तोंड आजाऱ्याच्या तोंडासमोर यायला हवं," असे तो म्हणाला होता. मग मी बायकांच्या वॉर्डात आले. डॉक्टरकी शिकणारी मुले माझ्यावर बसत. कोण कसे आहे, हे मला त्यांच्या पायांवरून कळे.

एदिल्बेर्तो सगळ्यांचा लाडका होता. तो आला की खाटाखाटांवर हसू पसरे. येसेनिया मात्र बुजरी. बोलायची वेळ आली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठत. त्यांचे प्राध्यापक बाल्दिविएसो तिला म्हणत, "पोरी, तू आपली प्रयोगशाळेत बरी. काचेच्या नळ्या उलट बोलत नाहीत." सगळे हसत. तीही हसे, पण माझ्यावर बसली की तिचे गुडघे थरथरत.

एकदा डोंगरातल्या गावाहून सातुर्निना नावाच्या आजी दाखल झाल्या. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाचा अंगठा सडला होता. तो कापला नाही तर विष वर चढून जीव जाणार, हे सगळ्यांना दिसत होते. आजी मात्र ऐकेनात. "मी उद्या घरी जाते," एवढेच म्हणत.

त्यांची समजूत घालायला प्राध्यापकांनी एदिल्बेर्तोला पाठवले. तो माझ्यावर बसला, आजींचा हात हातात घेतला, फार गोड बोलला. त्याचे पाऊल मात्र दाराकडे वळलेले होते आणि टाच सारखी हलत होती. आजींनी उशीखालचे फडके सोडून उकडलेला बटाटा पुढे केला.

"नको मामिता," तो आईला लाडाने म्हणावे तसे म्हणाला, "पोट भरलंय माझं. शिवाय वॉर्डात खायची परवानगी नाही."

आजींनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली. "बोलणं मधासारखं आहे रे तुझं. पण माझा बटाटा तुला चालत नाही," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांच्या गावात ज्याने घास नाकारला, त्याच्याशी मनातले बोलत नाहीत.

दुपारी येसेनिया ताप बघायला आली. आजींनी सवयीने फडके सोडले. येसेनियाला नाही म्हणायचे धैर्य झाले नाही. तिने बटाटा सालासकट तोंडात कोंबला आणि तिला ठसका लागला.

"अगं बये, सावकाश! तुला कुणी खायला घालत नाही का?" आजी खळखळून हसल्या. मग येसेनिया माझ्यावर बसून राहिली. येसेनियाची दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकलेली होती. गुडघे शांत होते.

"पोरी, कापलेला अंगठा कुठं टाकतात गं?" आजींनी हळूच विचारले. "कचऱ्यात? माझा नवरा आमच्या शेतात पुरलाय. मी अर्धवट गेले तर तो मला ओळखेल का?"

येसेनियाचे डोळे भरून आले. "मला माहीत नाही, आजी. विचारून येते."

चट्टे उठलेल्या मानेनेच ती प्राध्यापकांसमोर उभी राहिली. कापलेला अंगठा आजींना घरी नेता येईल का, असे तिने विचारले. प्राध्यापक म्हणाले, "देऊ की तिला. डब्यात घालून देऊ. आम्हाला कसं सुचलं नाही विचारायचं?"

आजींनी अंगठा कापू दिला आणि त्या वाचल्या. लेकाच्या हातात डबा देऊन आणि स्वतःच्या बगलेत कुबडी घेऊन गावी गेल्या.

त्या संध्याकाळी एदिल्बेर्तो रिकाम्या खाटेजवळ माझ्यावर बसला. "तू काय सांगितलंस तिला?" त्याने येसेनियाला विचारले.

"काहीच नाही. बटाटा खाल्ला."

ती गेल्यावरही तो बसून राहिला. "मला माणसं आवडतात," तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणून वाटायचं, मला ती कळतातही." त्याची टाच प्रथमच स्थिर होती. पण समोर खाटेवर कोणी नव्हते.

पुढे दोघेही दूर गेले. वॉर्डात चाकांवरचे संगणक आले, डॉक्टर उभ्यानेच बोलू लागले आणि मी अडचण झाले. आता जिन्याखाली मला रोज ऐकू येते, "बरं वाटतंय ना?" उत्तर येण्याआधीच पावले पुढे गेलेली असतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल. तुम्ही बोलके असा नाहीतर लाजरे, खाटेशेजारी जरा बसा. माझ्यावरची बादली उतरवायला फार वेळ लागत नाही. आणि कुणी बटाटा पुढे केला, तर पोट भरलेले असले तरी खा.