लांबलेली हाक

बारकूने पहारीचं टोक रुळाखाली सारलं, खडीत टाचा रोवल्या आणि डावी कूस जराशी चोरून तो वाकला. त्याच्या दोन्ही अंगांना तशाच वाकलेल्या पाठी होत्या. पुढे थोड्या अंतरावर मुकादम रखमाजी ओणवा होऊन, गाल रुळाला टेकवून, एक डोळा मिटून रुळाची धार न्याहाळत होता. मळवलीच्या अलीकडे रूळ किंचित पोटात आला होता. तो सरळ ओढायचा होता.

रखमाजीने डावा हात हलवला. म्हणजे डोंगराकडे.

बाजूला मोकळ्या हातांनी उभ्या असलेल्या नवसूने सूर लावला.

"जनी बसली दळायाऽ"

"हैसा!"

सगळ्या पहारी एकदम दबल्या. रूळ केसभर सरकला. माणसं सरळ झाली आणि पुढच्या हाकेची वाट पाहू लागली.

"हात येकटा, जातं जडशीळ," नवसू डोळे मिटून सांगत होता, "आन् भाईर कोंबडं सुदिक आरवल्यालं न्हाई. मग जनी काय म्हनती? म्हनती, आरं इठ्ठला, मी खुंटा धरते..."

"आबा, जनीचं पीठ आज तरी व्हनार का?" ओळीतला जानू म्हणाला. "हितं आमच्या भाकरी वाळाय लागल्या."

सगळे हसले. बारकू हसला नाही. त्याने पहार दुसऱ्या हातात घेतली, एक लांब श्वास घेतला, सोडला.

"मी खुंटा धरते," नवसूने कोणाकडे न बघता शब्द पुन्हा उचलला, "तू दान्याची वैरण घालऽ"

"हैसा!"

रेल्वेच्या गँगमध्ये एकट्याचा जोर कामाचा नसतो. सगळ्यांचा जोर एका क्षणी लागला तरच रूळ हलतो, आणि तो क्षण हाकेने ठरतो. हाक मारणाऱ्याच्या हाती पहार नसते. ती जागा सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाची. गुडघा गेल्यापासून नवसू हाका मारत होता आणि त्याच्या हाका आखूड, ठसकेबाज असत. 'लाव रं' म्हटलं की जोर, 'दाब रं' म्हटलं की जोर. मधे जीभ टाळूला लावायलाही सवड नाही.

पण टाकव्याला हरिनाम सप्ताह झाला. बुवांनी जनाबाईचं आख्यान असं काही लावलं, की बायांच्या ओळीत पदर डोळ्यांवरून खाली येईनात आणि टाळकरी ध्रुपद सोडायला तयार होईनात. जात्याची घरघर बुवांनी नुसत्या गळ्यातून काढली होती. देव शेला खोचून दळायला बसला, तेव्हा देवळातल्या समया क्षणभर थबकल्या असाव्यात असं वाटलं. नवसू सगळे दिवस खांबाला टेकून ऐकत होता. सप्ताह उठला, त्याच आठवड्यात बारकू गाड्यांना झेंडा दाखवायचं हलकं काम सोडून पहारीवर आला, आणि त्याच आठवड्यात नवसूच्या हाका लांबल्या. कीर्तन म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरलं, असं गँगमध्ये सगळे म्हणू लागले.

बारकूचं ऑपरेशन भाद्रपदात झालं होतं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने म्हणे काळजातली झडप आवळून गेली होती. डॉक्टरांनी बरगड्यांमधून वाट केली आणि काळजात बोट घालून झडप मोकळी केली. डाव्या छातीखालून पार पाठीपर्यंत व्रण होता. रेल्वेच्या चाळीत परत आल्यावर गँगची माणसं एकेक करून तो बघून गेली होती.

"बोट घातलं व्हतं? खरं?"

"व्हय."

"मंग आत काय घावलं का?"

"तुज्यागत रिकामं न्हवतं, येवढं कळलं," बारकू म्हणाला होता, आणि चाळ हसली होती.

निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. दमून मग बसलास तर दुसरा दिवसही त्यात जाईल. बारकूने मान हलवली होती. पण हे बोलणं मुंबईतच ठीक होतं. दमायच्या आधी जो बसतो त्याला गँगमध्ये एकच शब्द होता, आणि तो बारकूने आजवर दुसऱ्यांसाठी वापरला होता.

तेव्हा तो बसत नसे. सकाळी अंग हलकं असे. आपण बरे झालो असं त्याला रोज सकाळी वाटे. दुपारच्या भाकरीनंतर मात्र बाजेची सुंभं सैल व्हावीत तसं सारं अंग सुटत जाई. छाती दुखत नसे. धापही पहिल्यासारखी लागत नसे. नुसता थकवा, ओल्या घोंगडीसारखा अंगावर पडलेला.

आणि साहेब येणार होते. ट्रॉलीवरून रुळांची वाट तपासत येणारे इन्स्पेक्टर. बारकू गँगबरोबर ओढू शकतो की नाही हे ते डोळ्यांनी बघणार होते. ओढू शकला तर नाव राहणार. नाही तर नाव कमी, चाळीतली खोली खाली, आणि परत टाकव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आपल्या वाडीवर. तिथल्या उतारावरच्या नाचणीलाही जोरच लागतो.

संध्याकाळी अवजारं खांद्यावर टाकून सगळे चाळीकडे निघाले. बारकूने पाऊल उचलून नवसूला गाठलं.

"आबा, उद्या साहेब येत्यात म्हनं."

"येऊ दे की."

"हाक आखूड घ्या. गँग ढिली दिसली तर खापर माझ्या डोक्यावर फुटतंय. बारकू आला आन् काम रेंगाळलं, आसंच म्हनतील."

"आखूड आता येतच न्हाई बाबा मला," नवसू म्हणाला. "बुवांनी खोड लावली."

"मंग कीर्तन देवळात करा! हितं लोकांच्या पोटाचा सवाल हाय."

तो जरा मोठ्यानेच बोलला. पुढे चालणाऱ्या रखमाजीने मान वळवून बघितलं. नवसूने तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

"बरं," तो म्हणाला.

घरी त्याच्या बायकोने, चिमाबाईने, ताट पुढे सरकवलं. बारकूने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, आणि तो तसाच हातात धरून भिंतीला टेकला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. वळून बघते तो त्याचे डोळे मिटलेले.

"आवं."

"जागा हाय."

"कामावर बसता का मदनं?"

"बसतो."

चिमाबाईने त्याच्या हातातला तुकडा काढून ताटात ठेवला. "बसता तर आसं कसं व्हतंय?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने वाकळ अंथरली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते भाकरी खाऊन गँग पुन्हा कामाला लागल्यावर. वळणावर ट्रॉली थांबवून ते तिथेच बराच वेळ उभे होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. नवसूने 'बरं' म्हटलं होतं खरं, पण जनी अजून दळतच होती. देवाच्या तळहाताला फोड आला होता, आणि तो फोड कसा, केवढा, जनीने त्यावर काय लावलं, हे सगळं सांगून झाल्याशिवाय पुढचा 'हैसा' येत नव्हता. बारकू दात आवळून उभा होता.

"सकाळपासून एवढंच?" साहेबांनी जवळ येऊन विचारलं.

"रूळ लय धरून बसलाय साहेब," रखमाजी उठून उभा राहत म्हणाला.

"रूळ नाही धरून बसला, रखमाजी. हाक लांब आहे. मी वळणापासून ऐकतोय. गोष्ट छान आहे, पण गाडी यायच्या आत लाईन सरळ व्हायला हवी." त्यांनी नवसूकडे बघितलं. "यांना द्या पहार. हाक दुसरं कोणी मारेल."

"साहेब, त्यांचा गुडघा..." रखमाजी म्हणू लागला.

पण नवसूने जानूच्या हातातली पहार घेतलीसुद्धा होती. तो येऊन बारकूच्या शेजारी उभा राहिला, खडीत पाय सारखे केले आणि पहार रुळाखाली घातली. जानू बाजूला गेला. घसा खाकरला.

"लाव रं!"

"हैसा!"

"दाब रं!"

"हैसा!"

"आजून रं!"

रूळ सरकू लागला. सगळ्यांना बरं वाटावं असा सरकू लागला. बारकूलाही पहिल्या काही हाकांना बरं वाटलं. मग त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि त्या जागी दुसरी हाक आली. त्याने तो श्वास पुढच्या फटीत घ्यायचं ठरवलं. तिथेही हाक होती. जनी खुंटा धरून देवाशी बोलायची तेव्हा तो पहार या हातातून त्या हातात घ्यायचा. देव शेला खोचायचा तेव्हा कूस मोकळी सोडायचा. आपण हे करत होतो, हे त्याला आत्ता, करायला जागा उरली नाही तेव्हा कळलं.

त्याने मान वर केली. जानू हाका मारत होता, पण रुळाकडे बघत नव्हता. त्याच्याकडे बघत होता. बारकूची नजर येताच त्याने तोंड फिरवलं. ओळीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या. कोणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. भाकरी वाळल्याची चेष्टा करणारा हाच जानू, आणि त्या चेष्टेनेही दोन श्वास मिळायचे.

शेजारी नवसूने 'हैसा' म्हणून जोर लावला. त्याचा उजवा गुडघा धोतराखाली लटलटत होता. कपाळावरची शीर दोरीसारखी उभी राहिली होती. तो बारकूकडे बघत नव्हता.

"दाब रं!"

बारकूने पहार काढून घेतली.

ओळ अडखळली. जानूची हाक तोंडातच राहिली. बारकू रुळापासून मागे झाला, पहार जमिनीवर आडवी ठेवली आणि बाजूला रचलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांवर जाऊन बसला. दोन्ही हात मांड्यांवर.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बसलोय, साहेब."

"दमलास?"

"आजून न्हाई. दमल्यावर बसायचं न्हाई, आधी बसायचं, आसं डागदरनी सांगितलंय. म्या आइकत न्हवतो." तो थांबला. श्वास पुरा घेतला. "म्हून आबांची हाक लांबली. त्येंला आखूड येती. कीर्तनाचं नुसतं निमित्त हाय."

"काय बी बोलतो," नवसू पुटपुटला.

"आबांच्या हातची पहार काढा, साहेब. त्यो गुडघा न्हाई ऱ्हायाचा."

साहेबांनी ओळीकडे बघितलं. ओळीतल्या माणसांनी पहारींवर हात ठेवले होते; कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"बारकू," साहेब म्हणाले, "मी हे बघायलाच आलोय. तू माझ्यासमोर बसलास. आता मी काय लिहू?"

"दिसलं ते लिवा."

"आणि उठणार कधी?"

"उठलो की दिसंल, साहेब."

जानूने पुढे होऊन नवसूच्या हातातली पहार काढून घेतली. नवसू लंगडत बाजूला आला. त्याने एकदा बारकूकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की काय, ते बारकूला ओळखता आलं नाही. रखमाजी पुन्हा वाकला, गाल रुळाला लावला, हात हलवला.

"लाव रं!" नवसू म्हणाला. आखूड, ठसकेबाज.

"हैसा!"

"दाब रं!"

"हैसा!"

हाका एकीवर एक येऊ लागल्या. रूळ केसाकेसाने डोंगराच्या अंगाला जाऊ लागला. बारकू बसल्या जागी होता. पाठीवरच्या व्रणाला उन्हाची ऊब लागत होती. छातीतली धडधड हळूहळू खाली बसत होती, आणि काही हाका होऊन गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येक 'हैसा'ला आपलेही ओठ हलताहेत. मग त्याने आवाज दिला. कोणी वळून पाहिलं नाही. गँगच्या आवाजात तो आवाज जिथे असायचा तिथेच जाऊन बसला.

ट्रॉलीवाले साहेबांकडे बघत ताटकळले होते. साहेबांनी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं आणि रुमालाने मान पुसत ते उन्हात उभे राहिले.

बारकू अंग पुरतं आवरल्यावर उठला. उचलताना पहार सकाळी असते तेवढीच जड लागली. तो ओळीकडे गेला. इतका वेळ जोर लागत होता, माणसं रुळाबरोबर पुढे सरकली होती, पण मधली त्याची जागा तशीच मोकळी होती. शेजारच्यांनी ती भरली नव्हती.

त्याने पहारीचं टोक रुळाखाली घातलं. नवसू हाक मारायची थांबला होता.

"मारा, आबा," बारकू म्हणाला. "आखूडच मारा. लागलं तर म्या बसंन."