रिकाम्या पिंपातला प्रश्न

मित्रांनो, गच्चीच्या कोपऱ्यात ते जुने पिंप दिसते आहे ना, ज्याला पालथे घालण्याचेही कष्ट कुणी घेतलेले नाहीत, ते मी.

कारखान्यात जाड पत्रा वाकवून, ठोकून मला घडवले, तेव्हा माझा आवाज एवढा खणखणीत होता की ठोकणारे कारागीरच कानांवर हात ठेवत. पुढे कितीतरी वर्षे मी या घराचे पाणी सांभाळले. नळाने दगा दिला की सगळे माझ्याकडे धावत आणि "पिंप होतं म्हणून निभावलं" असे म्हणत. मग गंजाने माझ्या बुडाला भोक पाडले. कौतुक आटले आणि माझ्या काठावर ओल्या चपला वाळू लागल्या.

या घरची सूनबाई दवाखान्यात परिचारिका. तिच्या वॉर्डात परदेशातून फिरायला आलेल्या एक आजी होत्या. जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टर घातले तरी त्या जेवेनात, झोपेनात. "डझ इट हर्ट?" असे सूनबाईने विचारले की घाईघाईने हसून "नो, नो" म्हणत आणि भिंतीकडे तोंड फिरवत. लवकरच त्यांना दवाखान्यातून सोडणार होते. आपल्याकडून काहीतरी राहून जाते आहे, ही रुखरुख सूनबाईला स्वस्थ बसू देईना. कपडे वाळत घालतानाही ती मोबाइलवर इंग्रजी बोलण्याचा धडा लावी आणि धड्यातल्या मास्तरांमागून तेच वाक्य घोकत राही.

"कुणावर डाफरतेस गं?" चिमटे लावता लावता सासूबाईंनी विचारले.

"डाफरत नाही हो आई. दुखतंय का, असं विचारतेय."

"असं विचारतात होय! मला वाटलं, कुणी दूध सांडलं."

सूनबाईला हसू आले आणि ओल्या हातातून मोबाइल निसटून थेट माझ्या पोटात पडला. धडा चालूच होता. माझ्या पोटात शब्द सगळे विरघळले, उरला नुसता सूर. मास्तरांचा आवाज खालून अलगद चालत आला आणि शेवटच्या शब्दाशी वर चढून थांबला. दार किलकिले करून कुणी आत डोकावावे तसा.

दोघी माझ्यावर वाकल्या. "अगं, हा खरंच विचारतोय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

सूनबाईने माझ्यात डोके घालून तेच वाक्य म्हटले. तिचा सूर वरून निघाला आणि शेवटी धाडकन आपटला. तिने तो पहिल्यांदाच ऐकला. मी तर थक्कच झालो! माणसाच्या शब्दांखालून असे काही वाहत असते, हे मला आजवर ठाऊकच नव्हते.

मग काय, रोज संध्याकाळी सराव. "पडलं गं... आता चढलं, पण केवढ्यांदा... हं, आता कसं मायेनं विचारलंस!" सासूबाईंचे चालूच. पिंपात वाकलेली सून पाहून शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारले, "काय, गोड बातमी का?"

"छे हो, इंग्रजी चाललंय!"

एका दुपारी सूनबाई गणवेशातच धावत वर आली.

"आई, आज त्या 'नो' म्हणाल्याच नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझा हात धरून इथे, बरगडीवर नेऊन ठेवला. आम्ही सगळे पायाकडेच बघत होतो हो! एक्स-रे काढला, तर बरगडीला तडा."

"बरं झालं गं, वेळेत कळलं."

"मग त्यांनीच सांगितलं. त्यांना वाटायचं, कुरकुर करू नका म्हणून मी दम देतेय. दुखत असूनही त्या मला घाबरून हसत होत्या, आई." आणि ती सासूबाईंच्या खांद्यावर डोके ठेवून रडली.

मित्रांनो, भंगारवाला आज ना उद्या मला नेईलच, त्याची फारशी खंत नाही. मागणे एवढेच आहे. कुणाला दुखते आहे का, असे विचाराल तेव्हा आपला आवाज जपा. तो तुमच्या शब्दांच्या आधी पोहोचतो.