करवतीचं दुखणं

या घराची एक रीत होती. काही बिघडलं की आधी दोष कुणाचा ते ठरायचं, दुरुस्तीचं मागाहून. या खेपेला दोष करवतीच्या गळ्यात पडला. बिचारी बोलणार थोडीच!

करवत म्हणजे बाबांची नक्षी कापायची करवत. बिडाची, तीन पायांची, आईपेक्षाही आधी बाबांच्या आयुष्यात आलेली. वर वाकलेला लांब हात, खाली लोखंडी टेबल आणि दोन्हींच्या मध्ये ताणून बसवलेलं दोऱ्याएवढं बारीक पातं. मोटर लावली की पातं खालीवर नाचतं, आणि माणूस लाकूड वळवत वळवत त्यातून वेल, पाखरं, दारावरच्या पाटीची अक्षरं, काय वाटेल ते काढतो. त्या पात्यावर बाबांनी अख्खा संसार ओढला. हल्ली मात्र लाकूड ठेवलं रे ठेवलं की ते टेबलावरून उसळायचं, थडाथडा आपटायचं, आणि हातातल्या पाखराची चोच मोडायची. "मशीन म्हातारं झालंय," असं म्हणून बाबा उठायचे आणि खिडकीपाशी जाऊन बसायचे.

थोरला मुलगा परगावी. तो फोनवर म्हणाला, "द्या ना ते धूड भंगारात." फोनवरून शहाणपण सांगायला काय जातं! राहिली धाकटी. ती चार गल्ल्या पलीकडे राहायची आणि कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करायची. मशीनला कान लावून दुखणं ओळखते म्हणून तिथल्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. त्याचा तिला थोडा ताठाही होता, उगाच खोटं कशाला बोला.

"तेवढी करवत नीट कर गं बाई," आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली. "ती चालली की हेही चालतील. दिवसभर नुसते बसून असतात. काल मला भांडी कशी घासायची ते शिकवत होते."

पुढच्या सुट्टीला धाकटीने करवत खोलली. आतलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं, त्यात वर्षानुवर्षांचा भुसा. वरचा हात धरून हलवला तर डुगडुगला. हात ज्यावर फिरतो ती आतली धातूची नळी, म्हणजे बुश, झिजून गेलं होतं. "सापडला चोर!" ती म्हणाली. लेथवाल्याकडून नवं बुश करून आणलं, ठोकून बसवलं, तेल दिलं. करवत अशी गोड आवाजात फिरायला लागली, की आई हातातलं काम टाकून बघायला आली.

बाबा स्टुलावर बसले. डबीतून पातं उचललं, दोन बोटांत धरलं, अंगठा फिरवला आणि आईशी बोलता बोलता बसवून टाकलं. ही त्यांची जुनी ऐट. पात्याचे दात नेहमी खाली बघणारे असावे लागतात, आणि ते इतके बारीक की डोळ्याला पटकन कळत नाहीत. म्हणून अंगठा वर न्यायचा, चावलं पाहिजे. खाली आणायचा, गुळगुळीत लागलं पाहिजे. "पातं डोळ्याला नाही, बोटाला विचारायचं," हे वाक्य धाकटी बोलायला शिकली तेव्हापासून ऐकत होती. दिवे गेले तरी बाबा अंधारात पातं बदलायचे. त्यांनी बसवलेलं पातं दुसऱ्याने तपासायचं म्हणजे आचाऱ्याला 'मीठ घातलंस ना रे?' विचारण्यातला प्रकार. या घरात कुणाची बिशाद नव्हती.

बाबांनी लाकूड सरकवलं. थड, थड, थडाथड. पाखराची चोच उडून आईच्या पायाशी पडली.

"सांगत नव्हतो? म्हातारं झालंय ते," बाबा म्हणाले. ते चिडतील असं धाकटीला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. ते तिला मुळीच आवडलं नाही.

मग तिने हट्टच धरला. सुट्टीमागून सुट्टी घालवली. मोटरचा पट्टा बदलला, मागची स्प्रिंग बदलली, तिन्ही पायांखाली रबर दिलं. दरवेळी बाबा बसायचे, अंगठा फिरवून पातं लावायचे, आणि दरवेळी थडाथड. कारखान्यातल्या बायकांना हे कळलं तर डॉक्टरीणबाईची काय शोभा होईल, या विचाराने ती आतल्या आत जळत होती.

"परवा काय केलं माहितेय?" आई एकदा चहा गाळताना म्हणाली. "दुधाचं तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उचललं. आरामात नेऊन ठेवलं ओट्यावर! मी ओरडले तर म्हणतात, एवढं काय झालं? नंतर बघते तर बोटांना हे एवढाले फोड."

"मग डॉक्टरकडे?"

"नाव काढायची सोय आहे का? मला काय धाड भरलीय म्हणतात. मशीनला दाखवा म्हणतात डॉक्टर."

धाकटीने ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात करवत होती ना!

त्यानंतर एका सकाळी बाबा केस कापायला गेले होते. धाकटीला पात्याची वरची पकड तपासायची होती, म्हणून तिने बाबांनी लावलेलं पातं काढून ठेवलं. पकड ठणठणीत होती. डबीतलं नवं पातं घेतलं, शिकवल्याप्रमाणे अंगठा वर नेला, चावलं, बसवलं, मोटर लावली आणि एक तुकडा सरकवला. लोण्यात सुरी जावी तसं पातं गेलं. वळण घेतलं, तरी लाकूड टेबलावरून उसळलं नाही. ती एकटीच मोठ्याने हसली. झाली की हो बया नीट!

मग हसता हसता थांबली. आज तिने काहीच तर दुरुस्त केलं नव्हतं.

तिने बाबांचं काढून ठेवलेलं पातं उचललं. वरचं टोक कोणतं ते वरच्या पकडीच्या खुणेवरून ओळखू येत होतं. अंगठा वर नेला. गुळगुळीत. खाली आणला. चावलं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. पातं उलटं होतं. कारखान्यात उलटी सुई लावतात त्या नव्या पोरी, पहिल्या आठवड्यातल्या. बाबा नव्हे!

ती तिथेच भुशात बसली. दुधाचं पातेलं आठवलं, फोड आठवले. एवढे दिवस ती एकेक करून करवतीचे दोष काढत गेली होती. आता दोष जायला एकच जागा उरली होती, आणि ती जागा केस कापून, मानेवर पावडर लावून दारातून आत येत होती.

"काय गं, झाली का बरी तुझी पेशंट?"

"झाली," धाकटी म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं, "मागचा एक स्क्रू सैल होता."

"स्क्रू?" बाबांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग स्टुलावर बसले. तिने लावलेल्या पात्यावर त्यांनी पाखराची चोच कापली, मान कापली, पंखाचं वळण घेतलं. हात अजून तेच होते. आई दारात पदराने डोळे पुसत उभी. धाकटीला वाटलं, चालतंय की. दर दोन दिवसांनी येऊन पातं लावून जाईन. कुणाला कळतंय!

टक्. पातं तुटलं. बारीक पाती तुटतातच, त्यात नवल नाही.

बाबांनी डबीतून नवं घेतलं. अंगठा वर नेला. खाली आणला. पुन्हा वर. पुन्हा खाली. या वेळी ते कुणाशी बोलत नव्हते. आईला वाटलं नेहमीसारखंच चाललंय. धाकटी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती.

शेवटी बाबांनी पातं तिच्यापुढे धरलं.

"तू विचार. माझ्याशी बोलत नाही ते आता."

तिने अंगठा फिरवला. "उलटं धरलंय, बाबा."

"असणार."

"कधीपासून?"

"मशीन बिघडलं म्हणायला लागलो ना, तेव्हापासून," ते म्हणाले. "तू ते बुश काढलंस तेव्हा वाटलं, देव करो आणि तेच निघो. नाही निघालं, तरी तू मशीनलाच धरून होतीस, तेवढंच बरं वाटलं."

आई पुढे आली. "अहो, काय बोलताय तुम्ही? नीट झाली ना करवत?"

धाकटीने खाली बसून बाबांचा हात मांडीवर घेतला. अंगठ्याच्या टोकावर आपलं नख रोवलं.

"लागतंय?"

बाबा खिडकीकडे बघत होते. "दाब तरी आधी," ते म्हणाले.

ती केव्हाची दाबत होती.