गोठलेला दट्ट्या

आनंदीबाईंनी तो पंप माळ्यावरून काढला तेव्हा त्याच्यावर इतकी धूळ होती की आधी पंपालाच आंघोळ घालावी लागली. पिवळी टाकी, वरून दाबायचा दट्ट्या, हातभर नळी आणि नळीच्या टोकाला पितळी तोंड. झाडांना औषध मारायला असतो तसलाच पंप. पण बाळरावांनी तो औषधाला कधी लावू दिला नव्हता. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटला जोडून गच्ची होती, गच्चीवर त्यांनी हौसेने लाकडी फळ्यांचा डेक करून घेतला होता आणि दर वर्षी दिवाळी उरकली की ते या पंपाने डेकला तेलाचं पॉलिश फवारत. आनंदीबाईंकडे काम दोनच, चहा आणून देणं आणि 'ओल्यावर पाय नको' हे ऐकून घेणं.

यंदा दिवाळी होऊन मार्गशीर्ष लागला तरी पंप माळ्यावरच होता. श्रावणात बाळरावांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून आले ते हॉलमधल्या खुर्चीत बसले, आणि बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, पायात ताकद परत आलीय, आता त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. व्यायाम करून घ्यायला येणारी स्पृहा म्हणाली, काका, गच्चीच्या दारापर्यंत तरी चला ना. काकांनी भिंतीकडे बघितलं. अडखळत का होईना, बोलता येत होतं. पण ते सगळं 'हं'वर भागवत. ज्याचं आयुष्य कारखान्यात माल तपासून नापास करण्यात गेलं, ज्याने लग्नानंतरच्या पहिल्या आमटीवरही शेरा मारला, तो माणूस आता पुढ्यात येईल ते मुकाट गिळत होता. आनंदीबाईंना सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटायची.

अर्थात, भीती वाटायलाही सवड लागते. उठवा, तोंड धुवा, दाढी करा, गोळ्या द्या, भरवा, तोंड पुसा, कूस बदला. संध्याकाळी वाटीत खोबरेल कोमट करून उजवा हात चोळा. त्या थकल्या होत्या. झोपून उठल्यावरही जात नाही असला तो थकवा होता. दुपारचं आडवं होणं तर संपलंच होतं, आणि पुण्यात राहून दुपारी पाठ टेकत नाही हे चारचौघांत सांगायचीही सोय नव्हती.

त्यातच बंगळुरूहून आमोदचा फोन आला.

"आई, बाबांसाठी व्हीलचेअर ऑर्डर केलीय. त्या डेकच्या फटींत चाकं अडकतील, सो तो काढून टाइल्स टाकू. सोमवारी माणूस येईल."

"चाकाची खुर्ची आली की ते उठायचे नाहीत रे."

"तसेही कुठे उठतायत? प्रॅक्टिकल हो जरा."

आनंदीबाई नवऱ्याला ओळखून होत्या. चाकाच्या खुर्चीत एकदा बसले की तीच त्यांची जागा होणार, मग कुणी कितीही चला म्हणो. हाताशी होते शनिवार आणि रविवार. डेक म्हणजे त्यांचा जीव. आपला पंप दुसऱ्याच्या हातात दिसला तर नावं ठेवायला तरी ते दारापर्यंत येतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब तसा कच्चाच होता, पण पक्का हिशेब करण्याचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी डेकला पॉलिशपेपर मारला आणि झाडून घेतलं. कंबर धरली, ती चोळत चोळत पंपाकडे वळल्या. जाळी धुतली, पितळी तोंडाच्या भोकातून सुई फिरवली. मग आठवलं, दट्ट्याच्या रबरी वायसरला बाळराव तेल लावत, नाहीतर पंप हवा धरत नाही. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी ते दर वर्षी पाहिलं होतं. तेल कुठलं ते मात्र पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या मालिशचं खोबरेल वाटीत उरलं होतं, अजून कोमट होतं. थेंबाथेंबाने कशाला, म्हणून सगळी वाटी वायसरवर ओतली. दट्ट्या फुस्स, फुस्स करत सुरेख खालीवर झाला. आपल्याला काहीतरी जमलं या समाधानात त्यांनी पंप गच्चीतच ठेवला आणि दार लावून घेतलं. त्या रात्री थंडी चांगलीच पडली.

रविवारी सकाळी बाळरावांना कानटोपी घालून आनंदीबाईंनी त्यांची खुर्ची गच्चीच्या दाराकडे वळवली. पॉलिश फडक्यातून गाळून टाकीत भरलं.

"अहो, मी पंप भरतेय."

"हं."

"पॉलिश मीच मारणार आहे."

"हं."

त्यांनी दट्ट्या दाबला. तो हलला नाही. दोन्ही हातांनी दाबला, मग सगळं अंग घालून दाबला. टाकी एकदम तिरकी झाली, धड न आवळलेलं झाकण सुटलं आणि काळपट पॉलिशचं थारोळं स्वच्छ केलेल्या फळ्यांवर पसरलं. आनंदीबाई शेजारीच बसल्या. साडीला डाग लागला, तो त्यांनी बघितला आणि तसाच राहू दिला.

"मला नाही होत आता," त्या म्हणाल्या. "येऊ दे उद्या तो फरशीवाला. येऊ दे ती खुर्ची. मी दमले. कंटाळा आलाय मला तुमचा, ऐकताय ना? कंटाळा आलाय."

आणि त्या रडल्या. रडण्यातही फारसा जोर नव्हता.

पाठीमागे खुर्ची करकरली. त्यांनी वळून पाहिलं नाही. मग फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. त्यांनी मान वळवली तेव्हा बाळराव डाव्या हाताने चौकट धरून दारात उभे होते. नजर बायकोकडे नव्हती, थारोळ्याकडे होती.

"फडकं... घे. डाग... पडेल."

आनंदीबाईंनी सवयीने फडकं घेतलं आणि पुसायला लागल्या. पुसून होईस्तोवर ते तसेच उभे होते. मग त्यांनी हनुवटीने पंपाकडे खूण केली.

"तेल... कुठलं?"

"खोबरेल. तुमच्या हाताचं उरलेलं."

बाळरावांनी डोळे मिटले. नापास मालाचा ढीग पाहून ते कारखान्यातही असेच डोळे मिटत असणार.

"गोठतं... थंडीत. डोक्याला... लावतेस ना? मशीनचं तेल... हवं. तुझ्याच... शिलाईच्या... खणात आहे." थोडा दम घेऊन त्यांनी उरलेलं सांगितलं, "उन्हात... ठेव."

आनंदीबाईंनी दट्ट्या काढून उन्हात ठेवला. त्याच्या खोबणीत पांढरं तूप थिजावं तसं तेल थिजलं होतं. आणि मग त्यांना राग आला, इतक्या महिन्यांचा सगळा एकदम.

"म्हणजे उठता येत होतं तुम्हाला?"

बाळरावांनी उन्हातल्या दट्ट्याकडे बघितलं.

"बोलताही येत होतं. मग का नाही उठलात? मी मरमर मरतेय हे दिसत नव्हतं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. टाळण्यासाठी नव्हे, खरंच उत्तर शोधत असावेत.

"तू... करत होतीस," ते म्हणाले. "सगळं."

सुरात तक्रार नव्हती आणि उपकारही नव्हते. कारखान्यात नग का नापास झाला ते सांगावं, तसं सांगितलं. आनंदीबाईंना तो पंप उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. मग सकाळचा चहा आठवला. बाळरावांनी हात पुढे करायच्या आतच कप त्यांच्या ओठांना लावलेला असायचा. घासही तसाच. माया होती, नाही असं नाही. पण त्यांचा हात कपापर्यंत पोचायची वाट बघण्याइतकं बळ आपल्यात नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. भरवलं की लवकर आटपायचं. दमल्यामुळे आपण त्यांना उठू दिलं नाही, आणि ते उठेनात म्हणून आपण दमलो. आनंदीबाईंना हे कळलं आणि अजिबात बरं वाटलं नाही.

त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल दारापासून थोडं लांब, उन्हात ठेवलं. चौकट सोडून बाळराव तिथवर आले. उजवा पाय मागून ओढत, एकेका फळीवर थांबत आले. आनंदीबाईंचा हात आपसूक पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेऊन पदरात गुंडाळला. ते बसले. ऊन वर चढलं तसं खोबरेल पाघळलं. गुडघ्यांत दट्ट्या धरून डाव्या हाताने ते पुसायला लागले. फडकं दोनदा पडलं, दोन्ही वेळा त्यांनीच वाकून उचललं.

मशीनच्या तेलाची बाटली त्यांच्याजवळ ठेवत आनंदीबाई म्हणाल्या, "लावा दोन थेंब आणि बघा चालतोय का. मी पडते जरा."

"पॉलिश... कोण मारणार?"

"ते उठल्यावर बघू."

त्या आत जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. बाहेर दट्ट्या अडत होता, पुन्हा अडत होता. बऱ्याच वेळाने एकदा फुस्स झालं. त्यांचे डोळे मिटायला आले होते तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजू लागला. आमोदचाच असणार, फरशीवाल्याचं विचारायला. फोन टीव्हीजवळ होता, घ्यायला कुणीतरी उठावं लागणार होतं.

आनंदीबाईंनी कूस बदलली आणि पांघरूण कानावर ओढून घेतलं. फोन वाजत राहिला. मग बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला.