कापलेलं दार

मी एका सिनेमाची चित्रवही. सिनेमावाले मला स्टोरीबोर्ड म्हणतात. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी सिनेमा माझ्या पानांवर उभा राहतो. कोण कुठे उभं आहे, चौकटीत काय दिसणार, काय दिसणार नाही, सगळं. रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला राग आलाय, तेवढा ऐकून घ्या.

बेलापूरच्या पंकजानं मला विकत घेतलं. तिचा हा पहिलाच सिनेमा. धरणात बुडालेल्या गावातला एक तरुण अजून पाण्याखाली जगतोय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तो वर येतो आणि काठावरची भागिरथी त्याच्या प्रेमात पडते, अशी गोष्ट.

पाणी ओसरल्यावर जुन्या घराचं दगडी दार तेवढं उघडं पडतं. पंकजानं सगळं प्रेम त्या दारात मांडलं. तिसऱ्या पानावर पहिली भेट. डावीकडे कोरड्या मातीत भागिरथी, उजवीकडे पाण्यात तो, मध्ये उंबरा. ती भाकरी पुढे करते, त्याचा हात उंबऱ्याशीच अडतो. शेवटच्या पानावर तेच दार, कॅमेरा त्याच जागी. भागिरथी आता म्हातारी. उजवीकडे कुणीच नाही. ती भाकरी घेऊन येते आणि उंबरा ओलांडून पाण्यात उतरते. संवाद एकही नाही. पहिलं दार ज्यानं पाहिलं, त्याला शेवटचं न सांगता कळावं, म्हणून पंकजानं ती दोन पानं इतक्या वेळा खोडून पुन्हा काढली की माझा कागद झिजला.

म्हातारी भागिरथी केली अकोले तालुक्यातल्या राहीबाईंनी. भातशेतीत जन्म गेलेला, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या. पंकजानं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. चित्रांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "म्हंजी आदी त्याचा हात अडला हुता, म्हनून आता मी जायचं. व्हय ना?"

"हो आजी, एवढंच."

त्या सात वेळा पाण्यात उतरल्या. एकदाही कुरकुरल्या नाहीत.

मग निर्माते रविराजशेठ एडिटिंगला येऊन बसले.

"सुरुवातीला नुसतं दारच? लोक उठून जातील. काढा ते. तिथं गाणं टाका."

"मग शेवट कशाशी जोडायचा?" पंकजानं विचारलं.

"शेवटी आवाज टाकू. 'हेच ते दार' म्हणून सांगून टाकू."

"शेठ, सांगायचंच होतं तर मी दाखवलं कशाला?"

"तुम्ही नव्या आहात. धंदा मला कळतो." असं म्हणून त्यांनी तिसऱ्या पानावर लाल पेनानं अशी काट मारली की कागद फाटला. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

अकोल्यात गावच्या कलाकारांसाठी दुपारचा खेळ ठेवला. जीप भरभरून माणसं आली. मी पंकजाच्या मांडीवर होते. शेवटचं दार आलं, वरून तो आवाज बरसू लागला, लोकांनी मोबाईल काढले. मागून कुणीतरी हसलं, "म्हातारी पान्यात कशाला चाललीय?"

दिवे लागले तशा राहीबाई थेट शेठसमोर उभ्या राहिल्या.

"सायेब, पयला दरवाजा कुठं हाय?"

"आजी, तुमचा सीन पूर्ण ठेवलाय की."

"माझा ठिवला. तरण्या भागिरथीचा न्हाई ठिवला. तिचं आदीचं काढल्यावर मी काय खुळ्यावानी पान्यात चालले? लोकं हसली मला. त्या पोस्टरवरनं माझं तोंड काढा."

शेठ मोबाईलमध्ये बघत राहिले.

पंकजा उठली. "आणि दिग्दर्शनातून माझं नाव."

सिनेमा तसाच लागला. गाणं चार दिवस वाजलं. दाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पंकजा आता दुसऱ्या वहीत नवा सिनेमा काढतेय आणि राहीबाईंनी त्यात काम करायचं कबूल केलंय, असं ऐकते.

मी मात्र करारानं शेठची. कोपरगावच्या त्यांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत, त्या गाण्याच्या, मागाहून चिकटवलेल्या रंगीत पानावर उघडून ठेवलेली. "सगळं मीच आखलं होतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. लोक माना डोलावतात, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मला ओरडावंसं वाटतं.

कधी तिथे गेलात तर फोटो काढू नका. काच सरकवा आणि पान उलटा. एका पानावर अडकवून ठेवायला मी काही कॅलेंडर नाही.