तारेवरची खडीसाखर

तड्. मग आणखी एकदा, बारीक, तड्.

इतका वेळ फोनमध्ये नुसती शांतता होती. रिसीव्हर कानाला लावून मी श्वास धरून उभी होते, त्या आवाजाने सुटले. दोन मैलांवर आईने कपातल्या खडीसाखरेवर कढत चहा ओतला होता. म्हणजे ती दुपारची झोपून उठलीय, चूल पेटवलीय, गुडघा आज बरा आहे. ती काही बोलली नाही. मीही नाही.

बोलायची सोयच नव्हती. राज्यपालांचा हुकूम निघाला होता: युद्ध चालू आहे तोवर चर्चमध्ये, रस्त्यात, फोनवर फक्त इंग्रजी. आईला इंग्रजीतलं 'गुड मॉर्निंग' तेवढं येतं, आणि तेही ती संध्याकाळी म्हणते. आमची बोली उत्तर समुद्राकडच्या फ्रिसियाच्या किनाऱ्यावरची. पण इथे अमेरिकेत, आयोवात तिला सगळे जर्मनच म्हणतात, आणि जर्मन म्हणजे शत्रूची, जर्मन बादशहा कैसरची. म्हणून आम्ही हे ठरवून घेतलं होतं. दुपारी बाळ झोपलं की आई फोन करायची, चहा ओतायची, मी ऐकायची.

आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांची तार एकच. कुणी हळूच आपला फोन उचलून ऐकायला लागलं की आवाज खोल गेल्यासारखा होतो. त्या दुपारीही झाला. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मी मनातल्या मनात शेजारच्या टटलबाईंचं नाव घेतलं.

शनिवारी दुकानात टटलबाईंनी बाळाचा गाल ओढला. "दात आले वाटतं गं? बघू! इंग्रजीतच चावतो ना?" आणि स्वतःच खो खो हसल्या. मीही हसले. घरी येऊन बाळाचा गाल धुतला.

सोमवारी तालुक्याच्या संरक्षण समितीचे मिस्टर प्रुइट आले. हार्म, माझा नवरा, शेतात होता. प्रुइट स्वयंपाकघरात बसले, टोपी गुडघ्यावर.

"बाई, तुमच्या आईच्या घरून रोज फोन येतो आणि कुणी बोलत नाही."

"बोलायला बंदी आहे ना."

"जर्मन बोलायला बंदी आहे. गप्प बसायला कुणी सांगितलंय?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"टकटक असे आवाज येतात म्हणे. तारायंत्रासारखे."

"माझी आई सत्तरीची आहे हो. कैसरला काय कळवणार ती? कोंबड्यांनी अंडी किती घातली ते?"

"देशात साखरेची एवढी टंचाई," ते उठता उठता म्हणाले, "आणि म्हातारीकडे खडीसाखर कुठून येते, तेही बघावं लागेल. तिचा फोन मात्र उद्या काढून नेतोय."

मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत मी दारात उभी होते. मग एकदम ध्यानात आलं. साखरेचा मी शब्दही काढला नव्हता. तारेवर तडतड कुणालाही ऐकू जाईल. पण ती साखरेची, हे कॉफी पिणाऱ्या टटलबाईंना कसं कळावं? अख्खा रस्ता कॉफी पितो. खडीसाखरेचं ठाऊक फक्त आमच्या घरात. बाळाला अजून बोलता येत नाही. पाच वर्षांची लेक गेश्के दिवसभर माझ्या झग्याला धरून असते.

हार्म आला. मी ताट वाढलं. "प्रुइट आला होता. आईचा फोन काढून नेणार."

"एवढ्यावर सुटलो म्हण. चुलतभावाच्या कोठाराला देशद्रोही म्हणून पिवळा रंग फासला लोकांनी. पाहिलास ना?"

"खडीसाखरेचं त्याला कुणी सांगितलं?"

"समितीने मला बोलावून विचारलं."

"त्यांनी आधी विचारलं, का तू आधी सांगितलंस?"

तो टॉवेलने तोंड पुसत राहिला. चेहरा केव्हाच कोरडा झाला असेल.

"आईला इकडे आण," टॉवेलमधूनच म्हणाला.

"गाय सोडून ती यायची नाही. तुला माहितीये."

"मग काय करू मी? मुलांच्या दारावर रंग येऊ देऊ?"

त्याचे डोळे लाल झाले होते. या माणसाच्या खोकल्यावरून मला त्याचा दिवस कसा गेला ते कळतं. त्या दुपारी काही म्हणता काही कळेना. तो घाबरला होता, हे खरं. पण घाबरून त्याने आम्हाला वाचवलं, की स्वतःला?

मंगळवारी फोन गेला. दुपारी बाळ झोपलं. मी पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. गेश्केने दाण्यांचे दोन ढीग केले, एक आपला, एक कैसरचा. पांढरा दाणा मी, काळा दाणा ती स्वतः, ठिपक्यांचा बाळ. आजीसाठी तिने सगळ्यांत मोठा दाणा शोधला आणि आपल्या ढिगात अलगद ठेवला. मग एक दाणा चिमटीत धरून ती शेताकडे बघत राहिली. दूरवर हार्म मक्याच्या ओळीतून घोडे हाकत होता.

"आई," ती म्हणाली, "बाबा कुणाच्या बाजूला?"