पेढीच्या इतिहासातलं पान

"हे पान काढून टाका, ताई," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि हातातला कागद त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला.

अपेक्षाला वाटले, फोटो आवडला नसेल. "मावशी, दुसरा फोटो टाकू या. ह्यात तुमचा चेहरा नीट दिसत नाही, खरंय."

"फोटो चांगलाय. खाली लिहिलंय ते खोटंय."

पळसवाडकरांच्या पेढीला यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. बद्रीनाथ पळसवाडकरांनी गुलमंडीवर चार हात जागेत घड्याळदुरुस्ती सुरू केली, दहा वर्षांनी त्याच कपाटात घड्याळांशेजारी सोन्याच्या अंगठ्या मांडल्या. आता क्रांती चौकाजवळ दोन मजली शोरूम होते. खाली दागिने, वर परदेशी घड्याळे. बद्रीनाथशेठ जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांची नात अपेक्षा पुण्याहून शिकून आली होती आणि पाडव्याच्या समारंभासाठी पेढीच्या इतिहासाचे पुस्तक तयार करत होती.

रत्नमालाबाई तिथे अडतीस वर्षे काळ्या मण्यांच्या पोती आणि मोत्यांचे सर ओवत होत्या. बेचाळिसाव्या पानावर त्यांचा फोटो होता. काम संपल्यावर काउंटरसमोर उभ्या राहून त्या पदर झटकत आहेत, पिशवी उलटी करून दाखवत आहेत. खाली अपेक्षाने लिहिले होते: 'विश्वासाचा हा रिवाज बद्रीनाथशेठ यांनी घालून दिला.'

"पण मी लहानपणापासून बघतेय, मावशी. तुम्ही रोज झटकता."

"मी झटकते. दुसरं कुणी झटकतं का?"

अपेक्षाने आठवून पाहिले. खरेच, दुसरे कुणी तसे करत नव्हते. तिने आजवर त्याकडे कधी त्या नजरेने पाहिलेच नव्हते.

"बसा," रत्नमालाबाई म्हणाल्या. हातातला दोरा त्यांनी बाजूला ठेवला. "चौऱ्याण्णव सालची गोष्ट हाय. लगीनसराई होती. मी, मंजुषा आन् पारूबाई, तिघी ओवायला बसलेलो. एका मंगळसूत्राची वाटी सापडंना. तुमच्या आजीनं मला मागच्या खोलीत नेलं. अंबाडा सोडायला लावला. साडी फेडून झटकायला लावली."

"तिघींना?"

"मला एकटीला."

मंजुषा आणि पारूबाई मालकांच्या नात्यागोत्यातल्या होत्या. रत्नमालाबाई भीमनगरातून येत. अपेक्षाने कारण विचारले नाही.

"मग वाटी?"

"तिसऱ्या दिवशी गावली. कडुबा म्हणून घड्याळजी होते. त्यांच्या सुट्या सामानाच्या डब्यात. काटे, स्क्रू, त्याच्यात घरंगळून गेलेली. समदे हसले. लई बरं वाटलं समद्यांना. माझ्याकडं कुणी आलं नाय. सांजच्याला शेठनी कडुबाच्या हातून पेढ्यांचा पुडा पाठवला. मी तसाच काउंटरवर ठेवला आन् पदर झटकला. पिशवी उलटी केली. कुणी सांगितलं नव्हतं मला. म्हणलं, बघा. आता रोज बघा."

"आजी काय म्हणाली?"

"पयल्यांदा मान फिरवायच्या. मग संध्याकाळच्याला दुकानात बसायच्याच बंद झाल्या."

अपेक्षाने कागद उचलला. तिने वर जाऊन वडिलांना, गोकुळशेठना सगळे सांगितले. ते तेव्हा पंचविशीत होते, त्यांना सगळे आठवत होते. त्यांनी तो कागद एकदा वाचला. मग म्हणाले, "पान काढून टाक. त्यांनाही तेच पाहिजे. समारंभाचं पुस्तक आहे ते."

पान निघाले. गोष्ट तिथेच संपली असती. पण अपेक्षा रोज संध्याकाळी आजीला पुस्तक वाचून दाखवत असे. द्वारकाबाई पंच्याऐंशीच्या होत्या, त्यांना वाचायला दिसत नव्हते. ऐकू मात्र स्वच्छ येत होते. शेवटचे पान झाले तेव्हा त्यांनी विचारले, "कडुबाचं आलं, पारूबाईचं आलं. रत्नाचं काहीच नाही?"

अपेक्षाने कागद एकत्र केले.

"तिनं नको म्हटलं?"

"हो. मी चुकीचं लिहिलं होतं, आजी. मावशींनी मला खरं काय ते सांगितलं."

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, "उद्या गाडी काढायला सांग."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास द्वारकाबाई वॉकर धरून दुकानात आल्या. काउंटरवरच्या मुली उभ्या राहिल्या. गोकुळशेठ धावत खाली आले. "आई, वर बस ना, केबिनमध्ये."

"इथंच बसते."

त्या रत्नमालाबाईंच्या समोर बसल्या. रत्नमालाबाईंनी चष्मा वर केला. समोर अर्धवट ओवलेला सर होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"रत्ना, वाटी सापडली ते मला तेव्हाच कळलं होतं."

"व्हय. तुम्ही दारातच उभ्या होत्या."

"तुझ्याकडं यायला पाय निघाला नाही."

"बत्तीस वर्षं?"

गोकुळशेठ काही बोलायला पुढे झाले. द्वारकाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले.

"बत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं, मालकिणीनं कसं बोलायचं. मग वाटलं, आता फार दिवस झाले. तू रोज झटकायचीस, मला रोज कळायचं." त्या पुढे वाकल्या. "त्या दोघींना सोडून तुलाच का नेलं, तेही मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं."

दुकानात एक गिऱ्हाईक होते, पाचोडकडचे एक जोडपे. तेही वळून बघू लागले. द्वारकाबाईंनी सगळ्यांदेखत दोन्ही हात जोडले.

असू द्या म्हणणे सोपे होते. रत्नमालाबाईंच्या ओठांवर ते आलेही. पण त्यांनी ते म्हटले नाही. त्या हातांकडे त्यांनी बराच वेळ पाहिले, मग म्हणाल्या, "पाणी घ्या, बाई. उन्हाचं आलात."

द्वारकाबाईंनी पाणी घेतले. पेला खाली ठेवून त्या नातीला म्हणाल्या, "ते पान परत घाल. झालं तसं लिही. माझं नाव घालून."

"आई, बाहेरचे लोक वाचतील," गोकुळशेठ हळूच म्हणाले.

"वाचू दे. बाकीची शंभर पानं आपलं कौतुकच आहे."

अपेक्षाने रत्नमालाबाईंकडे पाहिले.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पर पेढ्याचं बी लिहा. म्या खाल्ले नाय म्हणून."

पाडव्याला पुस्तक निघाले. रत्नमालाबाईंना एक प्रत मिळाली. ती त्यांनी घरी आणून टेबलावर ठेवली आणि त्या भाजी निवडायला बसल्या. त्यांची मुलगी विशाखा शेंद्र्याच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. तिने हात धुऊन पुस्तक उघडले. बेचाळिसाव्या पानावर ती थांबली. आईने तिला ह्यातले अक्षरही कधी सांगितले नव्हते.

"आई," वाचून झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? भाकरी टाकल्या. तू तीन वर्षांची होतीस. तुला दुधात कुस्करून दिली."

"आणि मग?"

"मग सकाळी कामाला गेले."

"परत तिथंच? कशी गेलीस गं?"

रत्नमालाबाईंनी मेथीची जुडी सोडली. "वाटी गावायची होती अजून. त्या सकाळी गेले नसते, तर मीच घेतली असं झालं असतं. पाय उचलत नव्हता. तरी गेले. रोजच्या टायमाला गेले."

विशाखाने पुस्तक मिटले नाही. ते तसेच उघडे ठेवून ती खाली येऊन आईच्या शेजारी बसली आणि अर्धी जुडी आपल्याकडे ओढून घेतली. दोघी पाने खुडत राहिल्या.